ॲप्ट : बसवताना उदार, काढताना हात आखडता

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीवर गेले काही महिने मी सगळी सॉफ्टवेअर टर्मिनलमधूनच, ‘ॲप्ट’ या पॅकेज-व्यवस्थापकाने, बसवतो आणि काढतो. एरवी त्याबद्दल लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो; परंतु परवा कर्नलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) अपडेट चालू असताना रूट पार्टिशन भरले, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असे सांगून ॲप्टच्या हाताखाली प्रत्यक्ष बसवण्या-काढण्याचे काम करणाऱ्या डीपीकेजीने काम अर्ध्यावर टाकले, आणि जी पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) काढून टाकली म्हणून मी निर्धास्त होतो त्यांतले नेमके काय काय मागे उरले आहे, याचा छडा लावणे भाग पडले. डिस्क १२० जीबीची आहे आणि ती चालते तोवर दुसरी घेण्याचा माझा विचार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बसवण्याबद्दल फारशी तक्रार नाही. १९९९ साली डेबियन २.१ बरोबर आलेली ही यंत्रणा एखादे पॅकेज ज्यांवर अवलंबून असते ती पॅकेजेस शोधणे, सह्या तपासणे, सगळे योग्य क्रमाने बसवणे ही कामे मुकाट्याने करते. ‘रेकमेंड्स’, म्हणजे पॅकेजने शिफारस केलेली जोडपॅकेजेस, मात्र ती आपणहून ओढून आणते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा मोजून वापरणाऱ्याने ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय हाताशी ठेवावा.

खरी कटकट काढताना सुरू होते. डीपीकेजीची यादी पाहिली तेव्हा ‘आरसी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळींची रांगच लागली, आणि त्यांत जुन्या कर्नलांची नावे सर्वांत जास्त होती. ‘आर’ म्हणजे पॅकेज काढण्याचा आदेश झाला आहे, ‘सी’ म्हणजे त्याच्या कॉन्फिगरेशनच्या फाइल्स अजून जागेवर आहेत. ‘रिमूव्ह’ इतकेच करते. पूर्ण सफाईसाठी ‘पर्ज’ म्हणावे लागते. काढायला सांगितलेली वस्तू अर्धीच काढायची ही कुठली रीत, असे माझे तेव्हाचे ठाम मत होते.

ते मत मारियाडीबी या डेटाबेस-सर्व्हरने बदलले. मेमरी वाचवण्यासाठी हा सर्व्हर मी ‘रिमूव्ह’ केला होता, आणि पुढे हिशेबाच्या एका कामासाठी तो पुन्हा बसवला, तेव्हा सेटिंग्ज तर होत्याच, पण जुना डेटाबेसही जसाच्या तसा हाती आला. नंतर दुसऱ्या यंत्रावर तोच सर्व्हर ‘पर्ज’ करू लागलो, तर निळ्या पार्श्वभूमीवर एक चौकट उघडली आणि सगळे डेटाबेसही पुसायचे का, असा प्रश्न तिने विचारला. तेवढ्यासाठी ‘रिमूव्ह’चा सौम्यपणा मी मान्य करतो. शिवाय ‘आरसी’वाल्या बहुतेक फाइल्स काही केबींच्याच निघाल्या, तेव्हा डिस्क भरल्याचे खापर त्यांच्यावर फोडता येत नाही.

बरीचशी जागा अडवली होती ती डाउनलोड केलेल्या पॅकेजेसच्या डेब फाइल्सनी. आवृत्ती १.२ पासून ‘ॲप्ट’ ही आज्ञा यशस्वी इन्स्टॉलनंतर त्या फाइल्स पुसते, जुनी ‘ॲप्ट-गेट’ मात्र त्या ‘व्हार’ फोल्डरमधील कॅशमध्ये तशाच ठेवते, आणि माझ्या बोटांना सवय ‘ॲप्ट-गेट’चीच. ‘क्लीन’ म्हटले की जागा मोकळी होते. अर्थात त्याच फाइल्स पेन ड्राइव्हवर घालून घरातल्या दुसऱ्या डेबियन यंत्रावर बसवल्या तर तेवढा डेटा वाचतो, म्हणून आता मी पुसण्याआधी त्यांची प्रत काढून ठेवतो.

एक गोष्ट मात्र अजूनही पटलेली नाही. एखादे पॅकेज काढून ‘ऑटोरिमूव्ह’ (गरज संपलेली जोडपॅकेजेस काढणारी आज्ञा) चालवले, तरी त्याच्यामागून आलेले दुसरे काही वेळा हलत नाही, कारण भलतेच तिसरे पॅकेज त्याचे नाव ‘सजेस्ट्स’ या ऐच्छिक सुचवणीच्या यादीत घेत असते. बसवताना ‘सजेस्ट्स’ला ही यंत्रणा विचारतही नाही, पण काढताना तोच सल्ला शिरसावंद्य मानते! ॲप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘सजेस्ट्स-इम्पॉर्टंट’ला ‘फॉल्स’ केले की हे थांबते. मूळ अवस्थेत ते ‘ट्रू’ का असावे, हे मला समजत नाही. एखादे पॅकेज कोणामुळे टिकून आहे ते ॲप्टिट्यूड या दुसऱ्या साधनाच्या ‘व्हाय’ने कळते, पण त्यासाठी आणखी एक पॅकेज बसवावे लागते.

भरवशाच्या बाबतीत मात्र पूर्ण गुण देतो. अपग्रेड चालू असताना वीज गेली, इन्व्हर्टर नव्हता, आणि यंत्र परत सुरू केल्यावर ॲप्टने स्वतःच ‘डीपीकेजी कॉन्फिगर’ची आज्ञा कोणती द्यायची ते सांगितले, ती दिली आणि अर्धवट पॅकेजेस मार्गी लागली.

सध्या मी ‘ऑटोरिमूव्ह’ला ‘पर्ज’ जोडूनच वापरतो, डेटाबेसचे सर्व्हर वगळून. त्यानेही होम फोल्डरमधील लपलेल्या सेटिंग्ज जात नाहीत, त्या हातानेच पुसाव्या लागतात. आणि ‘हो की नाही’ विचारणाऱ्या त्या शेवटच्या पडद्यावर किती एमबी मोकळे होतील हे ठळक लिहिलेले असते, पण ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ यांतला फरक दाखवायला पॅकेजच्या नावापुढे फक्त एक चिमुकली चांदणी असते. चांदणी नसेल तर कॉन्फिगरेशन मागे राहील, एवढे एक वाक्य तिथे छापायला कितीशी जागा लागली असती?