ओपन-बॅक डायनॅमिक की प्लेनार: आवाज पटला, पिन आडवी आली

ओपन-बॅक, म्हणजे कपांची मागची बाजू उघडी असलेल्या हेडफोनवर मोठी रक्कम घालायचं ठरलं की यादी बहुधा दोन प्रकारांवर येऊन थांबते. एकीकडे सेनहायझर एचडी ८०० एससारखे डायनॅमिक (यात छोट्या स्पीकरसारखा कॉइलला जोडलेला पडदा हलतो), दुसरीकडे ऑडिझी एलसीडी-एक्ससारखे प्लेनार (यात चुंबकांजवळ ताणलेला सपाट, पातळ पडदा हलतो). दोन्ही प्रकारचा एकेक हेडफोन मी बराच काळ एकाच डॅकवर (डिजिटल संगीताचा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि एकाच ॲम्पवर (ॲम्प्लिफायर) आलटून पालटून ऐकला आहे. आता माझ्याकडे प्लेनार उरला आहे. त्याचं कारण आवाजात अर्धंच सापडतं.

डायनॅमिकचं बलस्थान म्हणजे जागेचा भास. ऑर्केस्ट्रात व्हायोलिन कुठे बसलेत, ओबो त्यांच्या किती मागे आहे, हे डोळे मिटून दाखवता येतं. आवाज डोक्यात न राहता कानाबाहेर पसरतो. थेट मैफिलीचं रेकॉर्डिंग हेच तुमचं मुख्य ऐकणं असेल, तर या बाबतीत प्लेनार मागे पडतो, हे मान्य करायला हवं. मात्र महागड्या डायनॅमिकमध्येही वरच्या पट्टीत कुठेतरी एक टोक डोकावतं. मूळच्या एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास असलेला उंचवटा चांगलाच गाजला. पुढे एस आवृत्तीत तो शोषून घेणारी रचना आली. तरीही झांजेचा आणि 'स'काराचा थोडा कडकपणा मला जाणवतोच. माझे कान तिथे जास्त हळवे असतील, तुमचे नसतीलही.

प्लेनारचा बास ऐकल्यावर मात्र मागे फिरणं मला जड गेलं. तो आकाराने मोठा नसतो, पण अगदी खालपर्यंत न ढासळता जातो. डबल बासची तार बोटाने ओढली जाते आणि मग लाकूड घुमायला लागतं, हे दोन क्षण वेगवेगळे ऐकू येतात. डायनॅमिकमध्ये ते मला एकमेकांत मिसळलेले वाटायचे.

ॲम्पचा हिशोबही वेगळा आहे. एचडी ८०० एसचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ३०० ओहम लिहिलेला असतो, पण बासच्या रेझोनन्सजवळ (पडदा आपसूक जास्त थरथरतो त्या स्वराजवळ) तो ६०० च्या पुढे जातो. त्यामुळे ज्याचा स्वतःचा (आउटपुट) इम्पीडन्स जास्त असतो अशा, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ट्यूब ॲम्पवर बास फुगतो. काहींना तेच आवडतं. प्लेनारचा इम्पीडन्स जवळजवळ सरळ रेषेत राहतो. एलसीडी-एक्सचा २० ओहम. ॲम्प बदलला तरी त्याचा तोल फारसा हलत नाही, फक्त करंट पुरेसा लागतो.

हाच हिशोब केबललाही लावता येतो. २० ओहमच्या हेडफोनला ०.३ ओहमची केबल जोडली, तर आवाज साधारण ०.१३ डेसिबलने कमी होतो, आणि प्लेनारमध्ये तोही सगळ्या पट्ट्यांत सारखाच. म्हणून चांदीची केबल लावल्याने ट्रेबल (वरची पट्टी) खुलला वगैरे मला तरी कधी ऐकू आलं नाही. केबल चांगली हवी ती लवचिकपणासाठी, आणि कपड्यावर घासल्यावर तिची खसखस कानात येऊ नये म्हणून. खरा प्रश्न केबलच्या टोकाचा आहे.

माझ्या डायनॅमिकला दोन्ही कपांत ३.५ मिमीचे सॉकेट होते. ही पिन गोल असते आणि सॉकेटात मोकळी फिरते. मान वळवली की केबल खांद्यावर अडायची, पिन किंचित फिरायची आणि डाव्या कानात खरखर व्हायची. पियानोचा शेवटचा स्वर विरत जात असताना, सगळं शांत झालेलं असताना, नेमकं तेव्हाच. पिन पुसली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की काही दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. दुसरी केबल घ्यावी, तर सॉकेट इतकं खोल होतं की जाड बुडाची पिन आत पोहोचायचीच नाही. शिवाय पिन वरून सारखी दिसली तरी आतलं वायरिंग कंपनीगणिक बदलू शकतं, त्यामुळे हाताला लागेल ती केबल लावण्यात अर्थ नव्हता. मी मान न हलवता ऐकायला लागलो आणि तिथेच निर्णय झाला.

प्लेनारला ४ पिनांचा मिनी एक्सएलआर कनेक्टर आहे. आत ढकलला की टक् करून बसतो आणि फिरत नाही. काढताना अंगठ्याच्या नखाने छोटी कळ दाबायची. झेडएमएफ ही हेडफोन कंपनीही हाच कनेक्टर वापरते, त्यामुळे केबलला पर्याय भरपूर मिळतात, आणि सोल्डरिंग येत असेल तर घरीही बनवता येते. फोकल युटोपिया या हेडफोनचा लेमो कनेक्टर तर याहून देखणा आहे: ढकलला की लॉक, बाहेरची कडी ओढली की मोकळा. पण ती पिन महाग असते आणि सोल्डर करायला फार बारीक. सेनहायझरच्याच एचडी ६०० आणि ६५० ची दोन पिनांची जोडणी साधी असली तरी निदान जागच्या जागी फिरत नाही.

प्लेनारची अडचण एकच, पण मोठी: वजन. एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा आहे, एचडी ८०० एस केबलशिवाय ३३० ग्रॅमचा. मी दीड-दोन तासांनी हेडफोन काढून ठेवतो, त्यामुळे मला चालतं. सलग ऐकणाऱ्यांनी किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी डायनॅमिकच घ्यावा असं मला वाटतं, फक्त लॉक होणाऱ्या पिनचा. बाकीच्यांनी आधी प्लेनार ऐकावा.

दोन्हींपैकी काहीही घ्या, पण पैसे देण्याआधी अगदी हळू आवाजातलं काहीतरी लावा आणि कपाजवळची पिन दोन बोटांत धरून सावकाश फिरवून पाहा. नव्या हेडफोनमध्येच खरखर आली तर दुसरा नग मागा, आणि त्यातही आली तर ते मॉडेल यादीतून काढा.