डाइव्ह लाइट घरी बनवायचा की विकत घ्यायचा? दोन्ही करून बघितल्यावर सांगतो

स्कूबा डायव्हिंगचा अॅडव्हान्स्ड कोर्स झाला, पहिली नाइट डाइव्ह ठरली आणि चांगल्या अंडरवॉटर लाइटची किंमत बघितली की प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार येतो, की यात आहे काय, एक एलईडी, दोन सेल आणि एक नळी, हे तर मी घरी बनवीन. मलाही तेच वाटलं होतं. आतापर्यंत तीन लाइट घरी बनवलेत, दोन विकत घेतलेत, त्यामुळे दोन्हीकडचं स्वतः बघितलेलं सांगतो.

आधी माझं मत, म्हणजे घाईत असाल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. रात्री ज्या लाइटच्या भरवशावर तुम्ही पाण्यात उतरणार तो मेन टॉर्च आणि त्याचा बॅकअप, हे दोन्ही विकतचेच घ्या. व्हिडिओसाठीचा रुंद लाइट हवा असेल आणि ओळखीत चांगला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, असेल तर तो बिनधास्त घरी बनवा. कारण सरळ आहे. व्हिडिओ लाइट बंद पडला तर फुटेज निळं-हिरवं येईल, बाकी काही होणार नाही. मेन टॉर्च बंद पडला तर तुम्ही अंधारात, जोडीदार कुठे ते दिसत नाही, हवा किती उरली ते सांगणारा गेज दिसत नाही.

आता विकतच्या मालातही दोन जाती आहेत आणि लोक तिथेच फसतात. ऑनलाइन हजार-दीड हजारात '१०००० लुमेन डायव्हिंग टॉर्च' म्हणून जे मिळतं त्याचा हिशोब एकदा करून बघा (लुमेन म्हणजे प्रकाशाचं माप). अशा टॉर्चमध्ये बसतो तो चांगला १८६५० मापाचा लिथियम सेल साधारण १२ वॅट-अवरचा असतो. एलईडीने वॅटमागे १०० लुमेन दिले असं धरलं तर १०००० लुमेनला १०० वॅट लागतात, म्हणजे तो सेल सात मिनिटांत संपला पाहिजे. जाहिरातीत मात्र दोन-तीन तास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आत एखादी एक्सएम-एल२ जातीची एलईडी असते, जी ३ अँपवर १० वॅटच्या आसपास खाते आणि हजारभर लुमेन देते. आणि हजार लुमेन कमी नाहीत बरं का, नाइट डाइव्हला भरपूर झाले.

दुसरं म्हणजे 'आयपीएक्स८' हे पाणी न शिरण्याचं रेटिंग वाचून खूश होऊ नका. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ म्हणजे त्याच्या पुढे, पण किती पुढे ते बनवणारा ठरवतो, २ मीटरही असू शकतं. डाइव्ह टॉर्चवर खोली मीटरमध्ये स्पष्ट लिहिलेली पाहिजे. दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर बाहेरून ३ बार जास्त, आणि ५० मिलीमीटरच्या काचेवर तो ६० किलोच्या आसपास भरतो. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, तिच्यापेक्षा जास्त वजन त्या छोट्याशा काचेवर पूर्ण डाइव्हभर बसलेलं असतं.

माझा पहिला लाइट पीव्हीसी पाइपचा होता. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप, एंड कॅप, सॉल्व्हंट सिमेंट, पुढे अॅक्रिलिकची चकती, सगळं मिळून सातशे-आठशेत झालं. बादलीत रात्रभर ठेवला, कोरडा ठणठणीत. मालवणला पाच-सहा मीटरवर दोन डाइव्ह केल्या, काही नाही झालं. तिसऱ्या डाइव्हला १२ मीटरवर प्रकाश आधी पिवळट झाला, मग लुकलुकला आणि गेला. वर येऊन बोटीवर कॅप सैल केली तर आतून फुस्स करून हवा आली, सेलच्या टोकाला हिरवा-पांढरा चिकट थर आणि झोंबणारा वास. पाइप हा पाणी वाहून न्यायला केलेला असतो, ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबराची कडी, बसवायला नाही, तो आतून पूर्ण गोल नसतोच. डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियर लावला की कळतं, एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी. तिथे ओ-रिंग अर्धी दबते, अर्धी नुसती टेकते. म्हणून पीव्हीसी स्नॉर्कलिंगपुरतं ठीक आहे, डाइव्हसाठी मी कुणालाच सांगणार नाही.

आणि ते फुस्स झालं ते हलक्यात घेऊ नका. लिथियम सेलला खारं पाणी लागलं की आत गॅस होतो आणि बंद नळीत दाब साठत जातो. पाणी शिरलेला टॉर्च उघडताना तोंड माणसांपासून लांब, स्वतःचा चेहरा बाजूला, आटे अगदी हळू सोडायचे. यूपीएसमधली जुनी बॅटरी आहे ना घरात, तीच डब्यात बसवू असा विचार करणारेही भेटतात. नका करू. ती चार्ज होताना आणि नंतरही थोडा हायड्रोजन सोडते, मोकळ्या खोलीत ठीक, हवाबंद डब्यात तो स्फोटाचा मामला आहे.

घरी करायचंच तर लेथवर करून घ्या. पुण्यात भोसरी, मुंबईत तर कुठेही, असे टर्नर आहेत जे एक नगसुद्धा करून देतात, फक्त ड्रॉइंग नीट द्या. अॅल्युमिनियम की डेलरिन (एक कडक प्लास्टिक) हा प्रश्न येतोच. डेलरिन कापायला सोपं, गंजत नाही, दिसतंही छान, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अॅल्युमिनियम डेलरिनपेक्षा शेकडो पटीने जास्त उष्णता वाहून नेतं. एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते, म्हणून डोकं अॅल्युमिनियमचं पाहिजे म्हणजे पाहिजेच, मागची नळी डेलरिनची चालेल. अॅल्युमिनियमला अॅनोडायझिंग, म्हणजे वर संरक्षक थर, करून घ्या, नाहीतर दोन ट्रिपमध्ये पांढरी पावडर सुटते, आणि स्टेनलेसचा स्क्रू थेट त्यात मारलात तर खाऱ्या पाण्यात स्क्रूच्या भोवतीच अॅल्युमिनियम खाल्लं जातं. अॅनोडायझिंगवाला एका नगासाठी बाथ लावत नाही, तुमचा तुकडा दुसऱ्याच्या मालाबरोबर जातो, आठ-दहा दिवस धरून चाला.

सगळा खेळ मात्र ओ-रिंगचा. नळी कितीही सुंदर असू दे, रिंग बसायची खाच चुकली तर गेलं. झाकण आत सरकतं तिथे रिंग १५ टक्क्यांच्या आसपास दबली पाहिजे, काचेखाली सपाट बसते तिथे २५ टक्क्यांपर्यंत, आणि खाचेत थोडी मोकळी जागाही राहिली पाहिजे कारण रबर दाबलं की पसरतं. साधी नायट्राइल रबराची, ७० शोअर कडकपणाची रिंग घ्या, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला काही रुपयांत मिळते, झाकणाला एकामागे एक दोन बसवा. खाचेचा तळ टर्नरला पॉलिश करायला सांगा, टूलच्या रेघा नखाला लागल्या नाही पाहिजेत. सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ, रिंग नुसती चमकेल इतकंच, ते पाणी अडवायला नसतं, रिंग पिळू नये म्हणून असतं. बंद करताना चांगल्या उजेडात रिंग बोटांतून पूर्ण फिरवून बघा, कारण वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एक केस आडवा पडला तरी पाणी आत येतं. लोकांना वाटतं खोलीवर लीक होतो, पण खोलीवर दाबाने रिंग उलट जास्त घट्ट बसते, बरेच लीक पहिल्या दोन-तीन मीटरवरच होतात. हे सगळं विकतच्या टॉर्चलाही लागू आहे, फक्त तिथे खाच कंपनीने बरोबर मापात केलेली असते आणि त्याचेच पैसे आपण देतो.

स्विचसाठी भिंतीला भोक पाडू नका, प्रत्येक भोक म्हणजे एक नवीन लीक. बाहेर चुंबक सरकवायचं आणि आत चुंबकाने चालणारा रीड स्विच. पण रीड स्विचमधून थेट ३ अँप सोडू नका, तो चिकटून बसतो, त्याने फक्त मॉस्फेट, म्हणजे मोठा करंट सोसणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालवायचा. विकतच्या चांगल्या टॉर्चमध्येही बरेचदा चुंबकवालाच स्विच असतो.

इलेक्ट्रॉनिक्स सगळ्यात सोपं. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अर्ध्या दिवसात सामान जमतं. एएमसी७१३५ चिपचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरावीक करंट देणारं सर्किट, एक चिप ३५० मिलीअँप, आठ चिपा म्हणजे २.८ अँप, एका सेलवर एक एलईडी आरामात. याचा मला आवडणारा गुण असा की सेल उतरत आला की प्रकाश हळूहळू मंद होतो, म्हणजे इशारा मिळतो. प्रोटेक्शन सर्किट असलेला सेल मात्र हद्द गाठली की एका क्षणात काळोख करतो, त्यामुळे प्रत्येक डाइव्हआधी फुल चार्ज. सेलवर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तो खोटा, १८६५० मध्ये ३५०० च्या आसपास चांगली मर्यादा आहे. वजन करून बघा, खरा ४५ ग्रॅमच्या पुढेमागे भरतो, खोटा बरेचदा फारच हलका लागतो. आणि हवेत लाइट एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, तो पाण्यानेच थंड व्हायचा असतो.

घरी बनवण्याचा खरा फायदा इथे येतो, प्रकाश आपल्या मनासारखा. आपल्या किनाऱ्यावर पाणी गढूळ. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, बऱ्याच दिवशी समोरचा जोडीदारसुद्धा धूसर दिसतो. तिथे रुंद झोत टाकला की पाण्यातले कणच उजळतात आणि समोर धुकं उभं राहतं, म्हणून बघायला ८-१० डिग्रीचा अरुंद झोत हवा. अंदमानच्या स्वच्छ पाण्यात व्हिडिओ करायचा तर उलट, रुंद आणि सारखा पसरलेला हवा. अजून एक, सपाट काचेमागे १२० डिग्रीची एलईडी ठेवली तर पाण्यात झोत ८० डिग्रीच्या आसपास येतो, पाण्यात प्रकाश वाकतो म्हणून, तर हिशोब त्या अंगाने करा. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाणी खातं, त्यामुळे प्रवाळाचा खरा रंग हवा तर ९० च्या वर सीआरआयची (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) एलईडी लावा, निचिया कंपनीच्या मिळतात. पहिल्यांदा त्या लाइटखाली जो खडक मी तपकिरी समजत होतो तो गडद लाल निघाला, स्पंजने पूर्ण मढलेला. स्वस्त विकतच्या लाइटमध्ये निळसर थंड एलईडी असते, तिच्यात हे दिसत नाही.

विमानाने जाणार असाल तर सेल काढता येतील असंच डिझाइन करा. सुटे लिथियम सेल केबिन बॅगेतच न्यावे लागतात, चेक-इनमध्ये नाही. पॅक डाग देऊन आत पक्का केला असेल तर सिक्युरिटीवर वायरा आणि सेल भरलेली बिननावाची धातूची नळी समजावत बसावं लागतं आणि त्यांनी अडवलं तर त्यांची चूक नाही. माझे सेल प्लास्टिकच्या डबीत, टॉर्च उघडा, वर एक कागद की हा काय आहे. विकतच्या टॉर्चला नाव आणि रेटिंग छापलेलं असतं, तिथे तो पुढे आहे. डाइव्ह ऑपरेटरलाही घरचा लाइट आदल्या दिवशी दाखवा, बोटीवर नको.

मधला एक रस्ता आहे जो मला सुरुवातीला कुणी सांगितला नाही. मीटरमध्ये खोली लिहिलेला, साध्या पण बऱ्या घडणीचा टॉर्च घ्यायचा आणि त्याची नळी तशीच ठेवून आतली एलईडी आणि ड्रायव्हर बदलायचा. खाचा कंपनीच्या, प्रकाश तुमचा. वॉरंटी जाते, पण लेथचा खर्च आणि दोन-तीन आठवडे वाचतात. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

पैशाचं बोलायचं तर लेथवरचा माझा तिसरा लाइट साडेपाच हजारांच्या आसपास पडला, त्यात निम्म्याहून जास्त लेथ आणि अॅनोडायझिंगचे. तसाच तयार व्हिडिओ लाइट सहज पाच आकड्यांत जातो, म्हणजे बचत खरी आहे. अरुंद झोताच्या साध्या टॉर्चमध्ये मात्र बचत जवळपास नाहीच, फसलेले दोन प्रयत्न धरले तर उलट महाग पडतो.

बनवलात तर टेस्ट अशी करा. आतलं सगळं काढा, कोरडा टिश्यू पेपर भरा, बंद करा. वॉटर फिल्टरचं पारदर्शक हाउसिंग मिळतं, टॉर्च त्यात बसत असेल तर ते काठोकाठ पाण्याने भरायचं, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही कारण दाबलेली हवा फुटली की तुकडे उडतात. मग प्लंबर लाइन तपासायला वापरतो तो हातपंप भाड्याने आणून ४ बारपर्यंत न्यायचं, म्हणजे ४० मीटर, आणि हाउसिंगवर लिहिलेल्या मर्यादेच्या बरंच आत राहायचं. तासभर ठेवा, पाच-सहा वेळा दाब सोडून परत चढवा, मग टिश्यू बाहेर काढून उन्हात धरून बघा. माझ्या दुसऱ्या लाइटच्या टिश्यूवर काचेकडच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा एकच ओला डाग होता. काचेखालची रिंग काढली तर खाचेत टूलची एक बारीक रेघ सापडली. टर्नरने ती पाच मिनिटांत घासून दिली आणि पुढच्या टेस्टला टिश्यू कोरडा आला.