बावीस खाटांपासून साठ खाटांपर्यंत : व्यसनमुक्ती केंद्राचा चौदा महिन्यांचा अनुभव

माझा धाकटा भाऊ, वय 23, मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात बीड जिल्ह्यातील एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. हे केंद्र केवळ तरुण मुलांसाठी आहे. तो तिथे आधी 90 दिवस आणि यंदा मे महिन्यात पुन्हा 15 दिवस राहिला. मधल्या काळात केंद्र भाड्याच्या घरातून नव्या इमारतीत गेले आणि 22 खाटांच्या 60 खाटा झाल्या. दोन्ही काळांत आमच्या घराचा केंद्राशी जवळून संबंध आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दाखल केले तेव्हा तो देशी दारूबरोबर ‘बटन’, म्हणजे झोपेच्या गोळ्या, घेत होता. या दोन्ही एकत्र घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो आणि सवय जडल्यावर एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, हे आम्हाला केंद्रात आल्यावर कळले; त्याआधी आम्ही दोनदा त्याला खोलीत कोंडून व्यसन सोडवायचा प्रयत्न केला होता, ते आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो. दारू थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिटचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होण्याचा धोका असतो. जुन्या घरात हे दिवस सगळ्यांच्या हॉलमध्येच, कोपऱ्यातल्या खाटेवर काढले जात. डॉक्टर दिवसातून एकदा येत आणि रात्री उपचार पूर्ण केलेला एखादा मुलगा उशाशी जागत बसे. आता त्यासाठी सहा खाटांची वेगळी खोली आणि रात्रपाळीला नर्स आहे. वाढीचा सर्वांत मोठा फायदा मी हाच मानतो. गोळ्या मात्र त्यांनी जुन्या जागेतही घाई न करता, आठवड्या-आठवड्याने कमी करत सोडवल्या, याबद्दल मी केंद्राचा ऋणी आहे.

दुसरा बदल दाखल करण्याच्या पद्धतीतला आहे. पूर्वी घरच्यांनी फोन केला की केंद्राची गाडी जाऊन मुलाला उचलून आणत असे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित आजारही येतात, संमतीशिवाय ठेवण्यावर मर्यादा आहेत आणि साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. नव्या इमारतीत गेल्यापासून गाडी बंद झाली. आता समुपदेशक आधी मुलाशी बोलतात, कधी कधी तीन-चार भेटी होतात. काही पालकांना हे गैरसोयीचे वाटते. आमच्या भावाला पहिल्या वेळी उचलून आणले होते आणि दुसऱ्या वेळी तो स्वतःच्या पायांनी आत गेला. त्याच्या वागण्यातला फरक पाहिल्यावर मला ही गैरसोय योग्यच वाटते.

जे गमावले, तेही लिहिले पाहिजे. जुन्या घरात 22 मुलांमागे दोन समुपदेशक होते, आज 60 मुलांमागे चार आहेत, म्हणजे अकराच्या जागी पंधरा मुले एकाच्या वाट्याला येतात. तिथला स्वयंपाकही मुलेच करत. दीड महिन्यानंतर भेटायला गेलो तेव्हा भाऊ परातीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापत होता. सुरुवातीला ज्या हातांत पाण्याचा पेला धरवत नव्हता, त्या हातांनी त्याने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवले आणि ती पदर सुटून टम्म फुगल्यावर माझ्याकडे पाहत म्हणाला, “अण्णा, भाकर तुटली नाही बघ.” समुपदेशक ताई तेव्हा शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. कोण कधी गप्प होतो, कुणाचे लक्ष फाटकाकडे असते, हे त्यांना तिथेच समजत असे. आता स्वयंपाकाचे कंत्राट दिले आहे. जेवण वेळेवर आणि चांगले मिळते, पण मुलांच्या हातचे काम गेले, याचे मला मनापासून वाईट वाटते. किमान एक वेळची भाकरी मुलांकडे परत द्यावी, अशी लेखी विनंती मी केली आहे.

कुटुंबाची बैठक आता दर बुधवारी सक्तीची आहे. नोकरदारांना ती जड जातेच, पण दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांनी कारखान्याच्या फडावरून यायचे कसे? गेल्या हंगामात भावाच्या शेजारच्या खाटेवरील मुलाला तीन महिन्यांत भेटायला कोणीही येऊ शकले नाही. यंदा अशा घरांसाठी रात्री फोनवर बैठक सुरू करणार असल्याचे केंद्राने सांगितले आहे, ते व्हावेच.

एप्रिलमध्ये एका लग्नाच्या वरातीत भाऊ पुन्हा दारू प्यायला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच समुपदेशकांना फोन केला. केंद्राने त्याला रागावले नाही की पहिले 90 दिवस वाया गेले असे म्हटले नाही. घसरण या आजारात होते, हे आईला तासभर समजावून सांगितले. आधी गोळ्याही घेत असलेल्यांसाठी त्यांनी आणखी एक गोष्ट बजावली : काही महिने बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे जुन्या मापाने पुन्हा घेणे जिवावर बेतू शकते. दाखल करण्याआधीच्या कुटुंबांना हे पहिल्याच दिवशी छापील कागदावर द्यायला हवे.

प्रवेशापूर्वी नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, रात्री डॉक्टर किती वेळात पोहोचतात हे विचारावे आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा किती महिने चालतो, हे लिहून घ्यावे. केंद्र शोधायचे असेल तर 14446 हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. आमच्याकडे पाठपुरावा महिन्यातून दोनदा असतो. पहिले सहा महिने मी सोबत जात असे. आता भाऊ शनिवारी सकाळच्या एसटीने एकटा जातो आणि संध्याकाळी परत येताना आईसाठी बाजारातून शेपूची जुडी घेऊन येतो.