एलईडी लुकलुकतोय किंवा मंद आहे: डिकोडर, लोड रेझिस्टर की रिले किट?

गाडीच्या दिव्यात बाजारातून आणलेला एलईडी बल्ब बसवला आणि तो लुकलुकू लागला, की हमखास तीन वस्तू सुचवल्या जातात: कॅनबस डिकोडर, लोड रेझिस्टर आणि रिले किट. तिन्हींची कामं वेगळी आहेत. दोष कुठे आहे ते न बघता यातलं काही घेतलं, तर पैसे जातात आणि लुकलुक तशीच राहते.

म्हणून आधी दोन फुकटच्या चाचण्या करा. डावा-उजवा बल्ब अदलाबदल करून बघा. दोष बल्बाबरोबर सरकला तर बल्बच खराब. नाही सरकला तर त्याच होल्डरमध्ये जुना हॅलोजन लावा. तोही लुकलुकला तर गाडीची वायरिंग, सैल कपलर (बल्बाला वायर जोडणारा प्लग) किंवा अर्थिंग तपासायला हवं. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टीमीटरची काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल प्रोब कपलरच्या अर्थ पिनला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग आणि गंज घासा आणि पुन्हा घट्ट आवळा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

हॅलोजन स्थिर आणि एलईडी मात्र फडफडतोय, किंवा डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण येतेय, तर डिकोडर घ्या. नव्या गाड्यांत दिव्यांचा पुरवठा बऱ्याचदा बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडून (दिवे वगैरे सांभाळणाऱ्या गाडीतल्या छोट्या संगणकाकडून) येतो आणि तो सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा चालू-बंद होत असतो. हॅलोजनची तार तेवढ्या वेळात थंड होत नाही, म्हणून फरक जाणवत नाही. एलईडी मात्र प्रत्येक खंडाला विझतो. डिकोडरमधला कपॅसिटर हे खंड भरून काढतो. हेडलाइट आणि डीआरएलसाठी (दिवसा चालू राहणाऱ्या दिव्यांसाठी) माझी पहिली पसंती हीच.

लोड रेझिस्टर मी फक्त इंडिकेटरसाठी सुचवेन. तिथे २१ वॉटचा बल्ब जाऊन दोन-तीन वॉटचा एलईडी येतो, गाडीला वाटतं बल्ब उडाला, आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने मिचकतो. ६ ओहमचा रेझिस्टर समांतर जोडला की ही कमी भरून निघते, पण १३.५ व्होल्टला तो जवळपास ३० वॉट उष्णता बाहेर टाकतो. हात भाजेल इतका तो तापतो. बंपरच्या प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला तो कधीही बांधू नका, उघड्या पत्र्यावर स्क्रूने बसवा. गाडी जुनी असेल आणि फ्लॅशर रिले (इंडिकेटर मिचकवणारा भाग) उपटून काढता येत असेल, तर रेझिस्टरच्या भानगडीत न पडता एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावा. तो कधीही सरस.

रिले किट सगळ्यात जास्त सुचवलं जातं आणि एलईडीला सगळ्यात कमी लागतं. बॅटरीतून थेट, जाड वायरीने पुरवठा देणं हे त्याचं काम, आणि ती मुळात जास्त वॉटच्या हॅलोजनची गरज. ५५ वॉटचा हॅलोजन साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, २५ वॉटचा एलईडी दोनच. शिवाय चांगल्या एलईडीचा ड्रायव्हर (त्याला करंट पुरवणारं सर्किट) व्होल्टेज थोडं घसरलं तरी प्रकाश टिकवतो. जुन्या गाडीची वायरिंग खरोखरच थकलेली असेल तरच किट घ्या, आणि त्याचा फ्यूज बॅटरीजवळच असू द्या. वर सांगितलेला चालू-बंद होणारा पुरवठा असेल तर किट नकोच, रिले सतत कटकट वाजत राहील.

दोन लक्षणांवर मात्र यातलं काहीच चालत नाही. सुरुवातीला लख्ख आणि दहा-पंधरा मिनिटांनी मंद, म्हणजे बल्ब तापतोय आणि ड्रायव्हर स्वतःच करंट कमी करतोय. मागचं रबरी झाकण पंख्याला अडतंय का ते बघा. नसेल तर उष्णता नीट बाहेर टाकणारा बल्ब घ्या. दुसरं, दिव्याकडे बघितलं तर डोळे दिपतात पण रस्त्यावर उजेड नाही. हा फोकसचा दोष. बहुतेक बल्बांत दोन्ही बाजूंच्या चिप घड्याळाच्या ३ आणि ९ च्या दिशेला याव्या लागतात. कॉलर (बल्ब दिव्यात अडकवणारी कडी) फिरवून भिंतीवर कटऑफ रेषा, म्हणजे उजेड जिथे वर संपतो ती कड, बघा. ती स्पष्ट येतच नसेल, तर त्या रिफ्लेक्टरला हॅलोजनच परत लावा, कारण तो विखुरलेला उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.