चेतक की लॅम्ब्रेटा? स्पेअर पार्टचं गणित

जुनी स्कूटर घ्यायचीय तर आधी पार्टचा विचार करा, रंग नंतर बघू. बजाजची चेतक १९७२ पासून पुढची तीसेक वर्षं लाखांनी बनली, त्यामुळे क्लचच्या कॉर्क प्लेटा, केबली, कार्बोरेटरचं किट, पॉइंट-कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणारे पार्ट) हे अजून साध्या दुकानातसुद्धा मिळून जातं, आणि नाही मिळालं तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर टाका. फक्त नवीन कॉपी माल नीट बघून घ्या, क्लच प्लेटचे दाते जुन्या प्लेटला लावून बघायचे, जरा जरी सैल वाटलं तरी सोडून द्या, नाहीतर गिअर टाकताना गाडी झटके देणार.

लॅम्ब्रेटाचं तसं नाही. आधी मुंबईत एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) कंपनीने बनवली, मग इटलीतल्या इनोसेंटी या मूळ लॅम्ब्रेटा कंपनीची मशिनरी घेऊन लखनौच्या स्कूटर्स इंडियाने, तीच आपली विजय सुपर. इंजिनचे पार्ट मिळतात, बरेचसे इंग्लंडच्या शौकिनांसाठीच बनतात, पण भाव त्यांच्याच हिशोबाने असतो! साइड पॅनल, हेडसेट (हँडलचं कव्हर) असलं ओरिजिनल हवं असेल तर ओळखी लागतात आणि भरपूर धीर.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी चेतकच घ्या. पण खरी काळजी पार्टची नाहीच, पार्ट कोणीतरी बनवेलच, काळजी मिस्त्रींची आहे: या गाड्यांचं टू-स्ट्रोक इंजिन कानाने ऐकून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) लावणारे मिस्त्री म्हातारे झालेत आणि त्यांच्या हाताखाली नवीन पोरं नाहीयेत, म्हणून मिस्त्री इंजिन खोलतील तेव्हा शेजारी बसा, व्हिडिओ काढा, विचारा.