तिसऱ्या पॅनेलने शिकवलं: पॉवर स्टेशनला ४ सौर पॅनेलं, ८ महिन्यांनंतर

पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारा मोठा बॅटरीचा डबा, घेतलं तेव्हा सोबत १०० वॉटचं एकच पॅनेल होतं. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०२४ वॉट-तासांची. रिकामी झाली की एका पॅनेलवर भरायला चांगल्या उन्हाचे अडीच दिवस जायचे, आणि तेही मधे काही न वापरता. वीज गेल्यावर राउटर, दोन दिवे आणि एक पंखा चालवायचा तर हे पुरणारं नव्हतं. म्हणून दुसरं पॅनेल घेतलं, मग तिसरं, मग चौथं. पॅनेल घेताना आपण सगळे वॉट बघतो. खरी अडचण व्होल्टमध्ये येते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझ्या स्टेशनच्या सोलर इनपुटवर छापलेलं आहे: १२ ते ६० व्होल्ट, १२ अँपिअर, कमाल ४०० वॉट. पॅनेलच्या मागच्या लेबलवर दोन व्होल्टेज असतात. माझ्याकडे काम करतानाचं १८ आणि ओपन सर्किटचं, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, २२. करंट साधारण साडेपाच अँपिअर. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्यावर, व्होल्टेजची बेरीज होते; पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी जोडल्यावर, करंटची. स्टेशनच्या मर्यादेशी ताडून बघायचा तो २२चा आकडा, १८चा नाही.

दोन पॅनेलं सिरीजमध्ये लावली, ओपन सर्किट ४४ व्होल्ट, काही प्रश्न नव्हता. तिसरं आलं त्या दिवशी तेही त्याच माळेत ओवलं आणि प्लग हातात घेतला. लावण्याआधी सवयीने मल्टिमीटर धरला, तर ६४.८ व्होल्ट! कामाचं व्होल्टेज धरून १८ त्रिक ५४ असा हिशेब मी केला होता आणि निर्धास्त होतो. प्लग तसाच खाली ठेवला. करंट मर्यादेपेक्षा जास्त उपलब्ध असला तर सहसा बिघडत नाही, स्टेशन आपल्याला हवा तेवढाच ओढतं. व्होल्टेजचं तसं नाही, ते इनपुटवर थेट जाऊन बसतं आणि आतला चार्ज कंट्रोलर कायमचा जाऊ शकतो.

मग तिन्ही पॅरललमध्ये लावली. व्होल्टेज १८, करंट साडेसोळा, पण स्टेशन घेणार १२च. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. दोन पॅनेलं सिरीजमध्ये कागदावर २०० देत होतीच. म्हणजे अख्ख्या तिसऱ्या पॅनेलची मिळकत भर दुपारी जेमतेम १६ वॉट. सकाळी-संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मात्र त्याचा चांगला उपयोग झाला, कारण तेव्हा करंट १२ पर्यंत पोचतच नाही.

चौथं घेतल्यावर गणित बसलं. दोन-दोनच्या दोन माळा सिरीजमध्ये, आणि त्या माळा एकमेकींना पॅरलल: ३६ व्होल्ट, ११ अँपिअर, ३९६ वॉट. ओपन सर्किट ४४. मर्यादा कुठेच ओलांडली जात नाही. प्रत्यक्षात स्क्रीनवर मी जास्तीत जास्त ३२७ वॉट बघितले, आणि १० टक्क्यांवरून पूर्ण भरायला स्वच्छ दिवशी चार-साडेचार तास लागतात. लेबलवरचे १०० वॉट हे पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. उन्हात सेल सहज ६० अंशांवर जातो आणि दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घट होते. आधी पॅनेलं गच्चीच्या लादीवर जवळजवळ टेकलेली होती. वीतभर उचलून खालून वारा खेळता ठेवला तेव्हा दुपारी १०-१२ वॉट वाढले.

थंडीत उलटं होतं, व्होल्टेज वाढतं. दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. माझ्या ४४ला धोका नाही, पण कुणाची दोन पॅनेलं २८-२८ ची असतील तर लेबलवर ५६ दिसेल आणि सेल ० अंशाला असताना सकाळच्या पहिल्या उन्हात तेच ६०च्या वर जाईल. किमान १० टक्के जागा सोडाच.

सावलीचा अनुभव वेगळा सांगायला हवा. गच्चीच्या पूर्वेला झाड आहे, साडेआठपर्यंत त्याची सावली त्या बाजूच्या पॅनेलांवर असते. दोनच पॅनेलं सिरीजमध्ये होती तेव्हा एकावर सावली आली आणि एकदा १४० वॉटवरून आकडा ३१ वर आला. दुसरं पॅनेल लख्ख उन्हात होतं, त्याचे तरी मिळायला हवे होते. आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करून पुन्हा चालू केला तर ७० च्या पुढे गेला. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून करंटला वाट देतात, पण तेव्हा व्होल्टेज खाली येतं. स्टेशनचा ट्रॅकर, म्हणजे जास्तीत जास्त वॉट मिळतील असं व्होल्टेज शोधणारा भाग, जुन्या उंच व्होल्टेजपाशीच अडकून राहतो, बंद-चालू केल्यावर नव्याने शोधतो. आता सावलीत येणारी दोन्ही पॅनेलं मी एकाच माळेत ठेवलीत, त्यामुळे दुसरी माळ बिनधास्त चालते. ज्यांच्याकडे दिवसभर तुकड्या-तुकड्यांनी सावली फिरते, त्यांना पॅरललच बरं.

पण पॅरललला जाड वायर हवी. गच्चीपासून खोलीपर्यंत माझे १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २०. सुरुवातीची वायर अडीच चौरस मिलिमीटरची होती. १८ व्होल्टवर ११ अँपिअर नेताना तिच्यात दीड व्होल्टच्या वर जात होता, सुमारे ९ टक्के. आता ४ चौरस मिलिमीटरची आहे आणि व्होल्टेजही दुप्पट, त्यामुळे गळती ३ टक्क्यांच्या आत आहे.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो वाय कनेक्टरने, म्हणजे दोन वायरी एकीत जोडणाऱ्या तुकड्याने. पाचव्या महिन्यात दुपारी सहज हात लावला तर एक टोक चटका बसेल इतकं तापलेलं, प्लास्टिक तपकिरी पडलेलं. कापून बघितलं तर आत वायरचे निम्मेच धागे पिनमध्ये दाबलेले होते, बाकीचे मोकळे. पॅनेलं उत्तम, स्टेशन उत्तम, आणि आग लागली असती ती या बोटभर तुकड्याने. नवे कनेक्टर पॅनेलवरच्या एमसी४ च्याच (सौर पॅनेलच्या वायरींना असणारे ठरावीक प्लग) कंपनीचे घेतले, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात पण आतला संपर्क नीट होईलच असं नाही. महिन्यातून एकदा भर दुपारी प्रत्येक जोडावरून हात फिरवतो. चालू करंटवर एमसी४ ओढून काढत नाही, डीसीची ठिणगी सहज विझत नाही. आधी आयसोलेटर बंद, मग जोड सोडायचा. कुणी तीन किंवा जास्त माळा पॅरलल करणार असेल तर प्रत्येक माळेला स्वतंत्र फ्यूज लावावा. एक माळ बिघडली तर बाकीच्यांचा सगळा करंट तिच्यातच घुसतो.

जुनं ६० वॉटचं घडीचं पॅनेलही जोडून बघितलं. १०० वॉटवाल्याबरोबर सिरीजमध्ये लावलं तर दोघांचा करंट लहान्याच्या ३.३ वर येऊन थांबला. व्होल्टेज सारखं असल्याने पॅरललमध्ये मात्र दोघांनीही आपापलं दिलं. ते आता प्रवासासाठी वेगळं ठेवलंय.

आणि पॉवर स्टेशन स्वतः कधी उन्हात ठेवू नका. वायर आखूड म्हणून पहिल्या आठवड्यात मी ते पॅनेलशेजारीच ठेवायचो, तेव्हा पंखा सतत घरघरायचा आणि तापल्यामुळे चार्जिंग दोनदा आपोआप थांबलं. १० मीटरची वायर टाकली ती त्यासाठीच. आता ते खोलीत असतं आणि चार्जिंग एकदाही मधे तुटलेलं नाही.