काकवीसाठी सहा फुटी चपटी काहील: पत्रा चोख, चुलाण अपुरं

दोन फूट रुंद, सहा फूट लांब स्टीलची चौकोनी काहील, बिडाच्या सळ्या, अँगलची चौकट, छोटा ब्लोअर आणि आठ इंची धुरांड्याचा पाइप, असा काकवी (उसाचा पातळ, ओतता येणारा गूळ) करायचा संच लातूर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ऑर्डर दिली की बनवून मिळतो. विटांचं काम, म्हणजे चुलाण, आपलं आपण करायचं. आराखडा अमेरिका-कॅनडातल्या मेपल सिरपच्या घरगुती भट्टीवरून घेतलाय, हे बघताक्षणी कळतं. तिथे मेपल झाडाच्या पाण्यात साखर असते जेमतेम 2 टक्के. एक लिटर सिरप हाती यायला चाळीस लिटरच्या वर पाणी आटवावं लागतं. आपल्या उसाच्या रसाचा ब्रिक्स (शंभर भागांत विरघळलेली साखर किती, त्याचं माप) 18 ते 22, म्हणजे सुरुवातच दहापट गोड. या संचात जे जमलंय आणि जे फसलंय, ते बहुतेक या फरकामुळेच.

आधी जमलेलं. चपट्या तळाच्या काहिलीतून चांगल्या जाळावर दर चौरस फुटाला तासाला पावणेचार लिटरच्या आसपास पाणी उडतं. इथे तळ 12 चौरस फुटांचा, म्हणजे तासाला सुमारे 45 लिटर. 20 ब्रिक्सचा 100 किलो रस 72 ब्रिक्सपर्यंत आटवला की हाती 28 किलो काकवी येते आणि 72 किलो पाणी वाफ होऊन जातं. दीड-पावणेदोन तासांचं काम. गोल काहिलीत मधला रस उसळतो आणि कडेचा नुसता गरम होत बसतो. इथे चौकोनी तळाला पुढून मागे जाळ लागत असल्याने रस उथळ ठेवता येतो, आणि पाक जितका कमी वेळ चुलीवर तितकी काकवी उजळ. घरच्या अर्ध्या-पाऊण एकर उसाची काकवी करून विकणाऱ्याला एवढी ताकद पुरे.

पत्रा 304 ग्रेडचा, 16 गेज (दीड मिलिमीटर). जोड आर्गॉन वेल्डिंगचे, आतून घासून गुळगुळीत केलेले. काठ नऊ इंची आहेत. मेपलला सहा इंच पुरतात, पण उसाचा फेस वर चढायला लागला की नऊ इंचही कमीच वाटतात. ताब्यात घेताना काहील वजनकाट्यावर ठेवा. या मापाची 16 गेजची काहील आडव्या पट्ट्यांसह 30 किलोच्या आसपास भरायला हवी. काटा 24 वर थांबला तर पत्रा 18 गेजचा, म्हणजे पातळ, समजा. तो पहिल्याच हंगामात तळाला पोक काढतो, आणि पोक आलं की उथळ राहिलेल्या जागी पाक जळतो.

कारागिराने कोपरे मात्र काटकोनात वाकवलेत. कोपऱ्यात जळका साखरेचा थर बसतो, तो झाऱ्याने निघत नाही आणि पुढच्या घाण्याला (खेपेला) काळपट झाक देतो. ऑर्डर देतानाच कोपरे अर्धा इंच गोलाईत मागा. सांगितलं तर करून देतात, न सांगता कोणी करत नाही.

आता चुलाण. संचाबरोबर मिळणाऱ्या कागदावर बांधकामाचं एक चित्र आहे, आणि ते लाकडासाठी आहे. सळ्यांपासून काहिलीच्या तळापर्यंत 10 इंच अंतर दाखवलंय. वाळल्या बाभळीच्या फाट्याला ते चालेल. चिपाडाची (रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची) ज्योत लांब आणि हलकी असते. दहा इंचात ती तळावर आपटून अर्धवटच विझते, तळाला काजळी धरते आणि धुरांड्यातून काळा धूर निघत राहतो. चिपाडावर चालवायचं असेल तर हे अंतर 18 ते 20 इंच घ्या. जाळाची जागा पुढच्या अडीच फुटांपुरती ठेवा. तिथून मागे विटांचा उतार चढवत न्या, म्हणजे शेवटच्या साडेतीन फुटांत काहिलीखाली फक्त दोन इंचांची फट उरेल. त्या फटीची रुंदी 24 इंच, म्हणजे छेद 48 चौरस इंच. आठ इंची पाइपाचा छेद 50. हा मेळ बरोबर बसलाय, म्हणून फट मोठी करायच्या भानगडीत पडू नका. फट मोठी झाली की ज्योत तळाला न चाटता सरळ धुरांड्यात पळते. धुरांड्याची उंची भट्टीच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे 12 फूट हवी. संचात मिळतो आठ फूट पाइप. वरचे चार फूट वेगळे आणावेच लागतात.

जाळाच्या बाजूला फायर ब्रिक आणि फायर क्लेचाच गिलावा वापरा. सिमेंट तापून भुगा होतं. बाहेरून साधी वीट चालेल. आपल्या काळ्या रानात मात्र सरळ जमिनीवर बांधकाम करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत चुलाणाला आरपार तडा गेलेला असतो. तड्यातून गार हवा ओढली गेली की जाळ मंदावतो, आणि माणूस ब्लोअरला दोष देत बसतो. दीड फूट काळी माती काढा, मुरूम भरून पाणी मारून धुमस करा (ठोकून घट्ट करा), त्यावर बांधा. काहील विटांत घट्ट बसवू नका. सहा फुटी स्टील तापल्यावर अडीच-तीन मिलिमीटर लांबतं. भोवती पाच मिलिमीटर फट सोडून तीत सिरॅमिक दोरी भरली की काहीलही मोकळी राहते आणि धूरही बाहेर येत नाही.

जळणाचा हिशोब बहुतेक जण करत नाहीत. 100 किलो रसाला साधारण 165 किलो ऊस लागतो आणि 65 किलो ओलं चिपाड मागे राहतं. कडक उन्हात वाळून ते 35 किलोच्या आसपास उरतं. चुलाणाने जळणाची एक तृतीयांश उष्णता काहिलीला दिली, तर तेवढ्यात तो रस आटतो. चुलाण ढिसाळ असेल तर जळण 50-60 किलोवर जातं. मग पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं), तुराट्या (तुरीची), वेडी बाभूळ गोळा करत फिरावं लागतं. पऱ्हाट्या उत्तम, फक्त जाळ एकदम भडकतो, म्हणून त्या सुरुवातीला रस तापवतानाच घाला. चिपाड मुठी-मुठीने, सतत. एकदम गठ्ठा कोंबला की जाळ गुदमरतो.

ब्लोअर सिंगल फेजचा आहे, हे बरं. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री, आणि रस काढल्यावर तो तीन-चार तासांत चुलीवर चढलाच पाहिजे, नाहीतर आंबायला लागतो. पण चिपाडावर ब्लोअर पूर्ण उघडू नका. पेटत्या ठिणग्या धुरांड्यातून उडतात, आणि वाळत घातलेलं चिपाड बहुधा तिथेच दहा पावलांवर असतं. पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा, गंजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा.

खरी चूक काहिलीच्या आत आहे. तिला तीन आडव्या पट्ट्या देऊन चार कप्पे केलेत. रस मागून शिरतो, नागमोडी पुढे सरकतो आणि तयार पाक जाळाच्या थेट वरच्या कप्प्यातून तोटीने काढायचा. पातळ मेपलला हे जमतं. उसाचा पाक त्या कप्प्यात पोचेपर्यंत घट्ट झालेला असतो, खाली सगळ्यात कडक जाळ, आणि तोटी उघडायला दोन मिनिटं उशीर झाला की तळ लागतो. गोल काहील चौघांनी उचलून बाजूला ठेवता येते. ही विटांवर बसवलेली, उचलणार कशी? शिवाय रस 80-85 अंशांवर येताना मळी (रसातली घाण) वर येते. ती मागच्या कप्प्यातच झाऱ्याने काढली नाही तर पट्ट्यांखालून पुढे सरकते आणि पाकात उकळून काकवी गढूळ करते.

यावर उपाय आहे, पण तो कागदावर लिहिलेला नाही. भेंडीची हिरवी झाडं ठेचून पाण्यात चोळली की जो चिकट रस निघतो, तो घालून मळी वेगळ्या पातेल्यातच काढून घ्या. काहिलीत फक्त गाळलेला रस सोडा, खोली दीड ते दोन इंच. त्याखाली कधीच नको. फेस चढला की चमचाभर करडईचं तेल. पाक 60 ब्रिक्सला आला की तोटीने काढून घ्या आणि शेवटची आटणी पंधरा-वीस किलोच्या घाण्याने गॅसच्या शेगडीवर करा. तिथे जाळ हाताच्या चिमटीत असतो.

थर्मामीटर संचाबरोबर मिळतो, डायल बरा आहे. पण काकवी 105 ते 106 अंशांवर उतरवा हे पुस्तकातलं माप समुद्रसपाटीचं आहे. लातूर 600 मीटरच्या वर, तिथे साधं पाणीच 98 अंशांच्या आसपास उकळतं. डोळे मिटून 106 ची वाट पाहिली तर काकवी दाट होऊन बाटलीत साखर धरते. त्या दिवशी त्याच थर्मामीटरने उकळतं पाणी मोजा आणि त्याच्यावर साडेपाच-सहा अंश धरा. रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजायचं साधन) असेल तर पाक गार करून 70 ते 72 बघा. साखर धरू नये म्हणून किलोला 0.4 ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरतं. भरण्याआधी आठवडा-दहा दिवस निवत ठेवली की गाळ खाली बसतो.

जाळ बंद करायच्या वेळी नवे लोक हमखास फसतात. रस संपतो, पण सळ्यांवर निखारे तासभर धगधगत असतात. शेवटचा पाक काढताना मागून पाणी सोडत जा, काहील दोन इंच पाण्याने भरलेली राहू द्या. बोअरच्या जड पाण्याने तळाला पांढरा क्षार धरतो. तो सायट्रिक आम्लाच्या गरम पाण्याने निघतो, तारेच्या घासणीने घासू नका.

गुळाची ढेप काढायचा विचार असेल तर हा संच घेऊ नका. गुळाला पाक 118 अंशांपर्यंत न्यावा लागतो आणि त्या क्षणी काहील चुलाणावरून खाली यावी लागते. त्यासाठी गोल काहील आणि जाणता गुळव्या, दुसरा इलाज नाही. काकवीपुरता मात्र विकत घ्यायला हरकत नाही. फक्त ऑर्डर देताना आडव्या पट्ट्या वेल्ड न करता खाचेत सरकवता येतील अशा मागा, आणि तोटी एक इंची, पूर्ण भोकाची, स्टीलची. वर्कशॉपवाला पितळेची पाऊण इंची लावून देतो. घट्ट पाक तीतून करंगळीएवढ्या धारेने उतरतो, आणि तोवर कप्प्यात उरलेला तळाला लागतो.